मुंबईत नवीन काय उघडलंय? (अट एकच: दुसऱ्यांदा गेला असाल तरच लिहा)

बोरकूट
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत आणि मला त्यांना कुठेतरी नवीन ठिकाणी जेवायला न्यायचंय. नवीन म्हणजे त्यांच्यासाठी नवीन, कारण आमचं घर दादरचं, आणि आमच्याकडे बाहेर जेवायचं म्हणजे आस्वाद नाहीतर प्रकाश, मासे खायचे असतील तर चैतन्य, आणि लांबून कोणी पाहुणा आला की त्याला माटुंग्याला न्यायचं, संपलं. आस्वाद १९८६ चं आहे म्हणजे आईबाबांच्या संसाराहून एकच वर्षाने धाकटं. बाबांना विचारलं कुठे जायचं तर म्हणे "प्रकाशचं काय वाईट आहे?" वाईट काहीच नाही हो, पण माझी दहावी, भावाची मुंज, माझ्या साखरपुड्याचा दुसरा दिवस, सगळ्याला साबुदाणा वडा आणि पियुष. चाळिसाव्याला तरी सुटका करा कोणीतरी.

आता अडचण अशी की रील बघून मी गेल्या वर्षभरात चार ठिकाणी जाऊन आले. एका ठिकाणी अळूवडीचे तीन तुकडे ४९५ रुपयांना आणि वर कसलातरी फेस, मी नवऱ्याला म्हटलं ताटलीला साबण राहिलाय का बघ. दुसरीकडे सोलकढी टेस्ट ट्यूबमध्ये आली, स्टँडसकट. तिसरीकडे गाणं इतक्या जोरात की वेटरला खुणा करून पाणी मागितलं. नावं लिहीत नाही, मी एकेकदाच गेले होते, कदाचित त्यांचा दिवस वाईट असेल, आणि मागच्या धाग्यावर मालकाचे मेहुणे येऊन भांडत बसले होते ते परत नको.

म्हणून अट घालतेय. जिथे स्वतःचे पैसे देऊन दोनदा गेलायत त्याबद्दलच लिहा. पहिल्यांदा सगळेच जातात. आम्ही आठ जण, त्यात एक पाच वर्षांचा आणि एक आजी, वय ८४, गुडघे दुखतात पण जिभेने अजून तिशीची आहे. माणशी पंधराशेपर्यंत चालेल. दारू नको. आई शुक्रवारी मांसाहार करत नाही.

मधली_सुट्टी
अट आवडली. माझं ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) आहे त्यामुळे मी यात डिग्री घेतलेली आहे समज. दोनदा किंवा जास्त वेळा गेलोय ती ठिकाणं सांगतो.

बेन्ने, वांद्रे. २०२४ ला उघडलं, नंतर जुहूलाही निघालं. चारदा गेलोय. बेंगळुरूच्या पद्धतीचा लोणी डोसा. जागा एवढीशी आणि मेनू पण एवढासाच, ते मला आवडतं. बाहेरून कडकडीत आतून मऊ, आणि लोणी असं की कागदातून हाताला येतं. चारही वेळा सारखाच होता हे महत्त्वाचं. पण रांग आहे आणि तुझ्या आजीला तिथे नेऊ नकोस, बसायला मिळालं तरी टेकवून उठवल्यासारखं होतं.

व्हेरोनिकाज, वांद्र्याच्या रनवार गावठाणात, जिथे पूर्वी सेंट ज्यूड बेकरी होती त्याच जागी, २०२३ पासून. सँडविच हाच मुख्य माल. बेकरीचं जुनं रूप बरंचसं ठेवलंय. आईबाबांना सँडविच खायला घालून चाळीस वर्षं साजरी करणार असशील तर तुझी मर्जी.

त्याच्याच माडीवर पापाज आहे, २०२४ चं, तिथे एकूण बाराच खुर्च्या. मी गेलेलो नाही त्यामुळे अटीप्रमाणे गप्प.

ओ पेद्रो, बीकेसी. गोव्याचं जेवण, २०१७ पासून आहे म्हणजे अगदी नवीन नाही पण तुझ्या बाबांना नवीनच. सात-आठ वेळा गेलो असेन. गरम पोई येते आणि बरोबर वेगवेगळ्या चवींची लोणी. नुसत्या पोईवर माणूस जेवू शकतो.

आणि बॉम्बे कँटीन, लोअर परळ, कमला मिल्समध्ये, २०१५ चं. केजरीवाल टोस्ट खा.

पार्लेजी
केजरीवाल टोस्ट? मफलर घालून येतो का?

मधली_सुट्टी
😂 काका ते केजरीवाल वेगळे. विलिंग्डन क्लबमधला पदार्थ आहे, टोस्टवर चीज, हिरवी मिरची आणि वर अंडं. क्लबच्या एका सदस्याच्या घरी अंडं चालायचं नाही म्हणून ते क्लबात येऊन असं चीजबरोबर मागवायचे आणि त्यांचंच नाव पडलं, असं सांगतात.

पार्लेजी
म्हणजे घरी चोरून खाल्लेल्या अंड्याचं आता बिल होतं. आणि बारा खुर्च्यांचं हॉटेल म्हणजे काय, आमच्याकडे बारशाला याहून जास्त लोक जेवतात.

बाकी त्या लोणी डोशाचं मला काही नवल नाही. माटुंग्याला कॅफे म्हैसूर १९३६ पासून, राम आश्रय १९३९ पासून, कॅफे मद्रास १९४० पासून. हे सगळं पायी दहा मिनिटांत. आम्ही पोद्दारला होतो तेव्हा राम आश्रयमध्ये अननसाचा शिरा संपायच्या आत पोचायचं म्हणून शेवटचं लेक्चर बुडवायचो. लोणी काय तिथे लावत नव्हते का?

मधली_सुट्टी
काका, वाद घालत नाही पण दोन्ही वेगळे प्रकार आहेत. बेन्ने म्हणजे कन्नडमध्ये लोणी. मूळचा दावणगेरेचा डोसा, त्याच्या पिठात तांदूळ-उडदाबरोबर चुरमुरे वाटून घालतात, म्हणून तो जाड आणि जाळीदार होतो. बरोबर बटाट्याची पांढरट भाजी आणि नारळाची चटणी, सांबार नाही. माटुंग्याचा उडुपी डोसा पातळ, तो सांबाराबरोबरच जगतो. मेदुवडा आणि बटाटेवडा एकच म्हणता का तुम्ही?

पार्लेजी
चुरमुरे माहीत नव्हते. मान्य. उद्या विचारून येतो, पण रांगेत उभा राहणार नाही.

तिखटजाळ
बोरकूट ताई, तुमचं ते आस्वाद काढलंत म्हणून बोलतो. २०१५ ला लंडनच्या कुठल्या त्या फूडीहबने त्यांच्या मिसळीला जगातला सगळ्यात भारी शाकाहारी पदार्थ ठरवलं, आमच्या कोल्हापुरात त्या दिवशी लोकं जेवली नाहीत. कट कुठाय त्याला? गोडसर उसळ आहे ती. लई नाजूक.

बोरकूट
तिखटजाळ भाऊ, मिसळीचा धागा वेगळा आहे, साडेचारशे प्रतिसाद झालेत, तिथे जा. इथे नवीन ठिकाणं. दोनदा गेलेली.

तिखटजाळ
आस्वादला दोनदा गेलोय म्हणूनच सांगतोय की 😁

गल्ल्यावरचा
धागा वाचून राहवलं नाही. आमचं डोंबिवलीत हॉटेल आहे, वडिलांनी सुरू केलं, मी गल्ल्यावर बसतो. ताईंनी दुसऱ्यांदा जायची अट घातलीय ती अगदी बरोबर आहे पण त्यात एक दुरुस्ती सुचवतो. दुसऱ्यांदा आठवड्याभरात जाऊन उपयोग नाही, तीन महिन्यांनी जा.

कारण सांगतो. आजकाल नवीन ठिकाण उघडतं ना, त्याचा मेनू बहुतेक वेळा बाहेरचा कन्सल्टंट शेफ बसवून देतो. तो महिना-दोन महिने किचनमध्ये उभा राहतो, पोरांना शिकवतो, मापं लिहून देतो, आणि पैसे घेऊन पुढच्या ठिकाणी जातो. तोपर्यंत सगळं झकास. रील त्याच दिवसांतली असते. मग शेजारचा नवीन मालक येऊन तव्यावरच्या माणसाला दोन हजार जास्त देऊन उचलून नेतो. तवा म्हणजे काय नुसतं लोखंड नाही, ज्याच्या हाताला तो तवा बसलाय तो माणूस गेला की डोसा गेला. चौथ्या महिन्यात तुम्ही जाता तेव्हा नाव तेच, भिंतीवरचं चित्र तेच, आणि सांबारात गूळ जास्त.

दुसरं गणित. शंभर रुपयाच्या बिलात कच्चा माल तीस-पस्तीस रुपये धरायचा. पगार वीसच्या आसपास. भाडं पंधराच्या आत राहिलं तर हॉटेल जगतं, आणि वांद्रे-परळला ते पंधराच्या आत ठेवणं म्हणजे देवाचीच कृपा. गॅस, लाइट, फुटलेली क्रोकरी, पाणी. घरपोच ऑर्डर आली तर ॲपवाल्यांचं कमिशन कापून जातं ते वेगळंच. ग्राहकाला वाटतं पाच टक्के जीएसटी हॉटेलवाला खातो, पण त्या पाच टक्क्यांवर आम्हाला इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे एसी घेतला, फर्निचर केलं, भाडं दिलं, त्यावर भरलेला जीएसटी आमच्याच खिशातून गेला. म्हणून अळूवडी ४९५ ला जाते. ताई तुम्ही फेसाचे पैसे नाही दिलेत, जागेचे दिलेत.

आणि शनिवारी रात्री जाऊन कुठल्याही हॉटेलची परीक्षा करू नका. शनिवारी रात्री आमचं स्वतःचं हॉटेलसुद्धा वाईट असतं. मंगळवारी दुपारी जा. मंगळवारी दुपारी जो चांगलं खाऊ घालतो तो खरा.

साखरभात
गल्ल्यावरचा दादा, फार छान लिहिलंत, पण मग मेनू बघून आधीच काही कळतं का? मला दोन लहान मुलं आहेत, मला तीन महिने थांबून मंगळवारी दुपारी ठाण्याहून परळला जायची चैन नाही.

गल्ल्यावरचा
कळतं की. मेनू जाड असेल, पंजाबी, चायनीज, पिझ्झा, मालवणी सगळं एकात, तर मागे मोठा फ्रीझर आहे आणि तीन ग्रेव्ह्या आहेत, लाल, पिवळी, पांढरी. बाकी सगळी नावं. मेनू एका पानाचा असेल तर निदान त्यांनी विचार केलाय. दुसरं म्हणजे काउंटरवर कोण आहे बघा. पहिल्या महिन्यात मालक स्वतः असतो, सगळ्यांना वाकून नमस्कार करतो. चौथ्या महिन्यात त्या खुर्चीत मोबाईल बघणारा कोणीतरी असेल तर पार्सल घ्या आणि निघा. पार्सलसुद्धा नको खरं तर.

नशीब पण लागतं हो. भायखळ्याचं बॉम्बे स्वीट शॉप बघा, मार्च २०२० ला उघडलं आणि त्याच महिन्यात लॉकडाऊन. एवढा खर्च करून शटर वर केलं आणि खाली. तरी टिकले. आमच्या ओळखीचे तिघं नाही टिकले.

खाडीकाठ
मासे काढलेत म्हणून येतो. पंधरा वर्षांत मी बघितलंय की नवीन मालवणी हॉटेल उघडायचा मुहूर्त लोकांना नेमका मे-जूनचा मिळतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. मग त्या दिवसांत तुम्हाला ताटात जी सुरमई दिसते ती एकतर बर्फातली नाहीतर लांबून आलेली. त्यावर लोक लिहितात "सुरमई अप्रतिम". कसली अप्रतिम, ती तुमच्याआधी तीन राज्यं फिरून आलीय. पावसात जायचंच असेल तर खाडीचं मागा, बोय, मुडदुशी, खाडीची कोलंबी. नसेल म्हणाले तर भाकरी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं खाऊन या.

नवीन ठिकाणी मी पहिल्यांदा बांगडाच मागवतो. सुरमई-पापलेट मसाल्याखाली लपतं, बांगडा लपत नाही, जरा शिळा असला की तो स्वतःच ओरडतो. बांगड्याच्या कढीत तिरफळ आहे का बघायचं. तिरफळ नाही म्हणजे वस्ताद कोकणातला नाही, मग मालवणी पाटी लावली काय आणि न लावली काय. आणि सोलकढी. आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची असली की रंग फिकट जांभळट-गुलाबी येतो, एकदम राणी कलर दिसला तर बीट आहे किंवा रंग आहे. संध्याकाळी उशिरा जाऊन प्या, ओल्या नारळाचा रस असेल तर तोपर्यंत तो कुरकुर करायला लागतो, सकाळी होती तशीच गुळगुळीत असेल तर डब्यातलं नारळाचं दूध आहे.

टेस्ट ट्यूबमधल्या सोलकढीबद्दल मी काही बोलत नाही, मला बीपी आहे.

नवीन नाही पण नेहमीचं सांगतो, हायवे गोमांतक, वांद्रे पूर्व.

बोरकूट
खाडीकाठ काका, ज्ञान मोठं पण शेवटच्या वाक्यात अट मोडलीत. हायवे गोमांतकला बाबा आमच्या जन्माच्या आधीपासून जातात.

खाडीकाठ
मग तुझे बाबा शहाणे आहेत, त्यांनाच विचार ना.

फोंड्याहून
आमी गोयंकार. ओ पेद्रोचं नाव वाचलं म्हणून लिहितो, मुंबईला कामाला येतो तेव्हा तीनदा गेलोय. पोई चांगली असते. पण पोई म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर लोक पाव समजून खातात. कोंड्याची, आतून पोकळ, पोदेर सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत आणतो ती. पूर्वी पीठ सुरेने म्हणजे माडीने फुगवायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट. आमच्याकडे ती पातळभाजीबरोबर खातात, लोणी लावून खाणं हे शहरातलं फॅड, पण वाईट लागत नाही, खोटं कशाला बोलू. फक्त दर वाचू नका आधी. फोंड्यात पोदेर ज्या भावात देतो ते आठवलं की घास उतरत नाही.

पार्लेजी
पाव निघालाच आहे तर, आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने भट्टी बदलली. हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं ना, लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत बंद करून गॅस किंवा विजेवर जा. हवेसाठी चांगलंच आहे, आमच्या बिल्डिंगमध्ये दम्याचे तिघं आहेत. पण लादी पावाचा तळ पूर्वी जरा करपट, धुरकट असायचा तो गेला. आता पाव नुसता सज्जन लागतो.

गल्ल्यावरचा
"नुसता सज्जन" 😂 तंदूरवाल्यांचीही तीच रड आहे. इलेक्ट्रिक तंदूरवर रोटी येते, पण हात बसायला वेळ लागतोय.

साखरभात
मला एक विचारायचं होतं, गेल्या महिन्यात एका नवीन ठिकाणी (नाव नको) बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. मी म्हटलं काढा तर मॅनेजर म्हणाला मॅडम स्टाफला जातो, कंपल्सरी आहे. मुलं रडत होती, मी भरला आणि आले. द्यावाच लागतो का तो?

मधली_सुट्टी
नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की बिलात आपोआप लावता येणार नाही, दुसऱ्या नावाने पण नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वेळी शांतपणे काढा म्हण, नाही काढला तर १९१५ ला तक्रार. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, त्यावरून भांडू नकोस.

साखरभात
थँक्यू. पुढच्या वेळी मुलांना बाहेर पाठवून मग भांडीन.

आणि बोरकूट, जिथे जाशील तिथे आधी फोन करून खुर्चीला पाठ आहे का विचार. हसू नका कोणी. नवीन ठिकाणी स्टूल असतात उंच, नाहीतर झोपाळा, नाहीतर बुटकं सोफ्यासारखं काहीतरी ज्यातून आजी उठणारच नाही. माझ्या सासूबाईंना एका ठिकाणी दोघांनी मिळून बाहेर काढलं, वाढदिवस त्यांचाच होता.

तिखटजाळ
आन बाहेर पडायचे रस्ते दोन हायत का तेबी बघा. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिल्सच्या आवारात आग लागली, चौदा जण गेले. तेव्हापास्नं मी गच्चीवर ताडपत्री-बांबूचं काय दिसलं की खालूनच परत फिरतो. मिसळ नसली तरी चालंल, जिना पाहिजे.

बोरकूट
तिखटजाळ भाऊ, हा तुमचा सगळ्यात चांगला प्रतिसाद.

बरं, आतापर्यंत हिशेब असा. बेन्ने रांगेमुळे बाद, मी एकटी जाईन. व्हेरोनिकाज सँडविचमुळे बाद. बॉम्बे कँटीन आणि ओ पेद्रो उरलीत. भावाचं म्हणणं माटुंग्याला रामा नायककडेच जाऊ, केळीच्या पानावर पोटभर, खर्च वाचेल. १९४२ पासूनची जागा आहे, सोमवारी बंद असते हेसुद्धा घरात सगळ्यांना पाठ आहे, त्याला नवीन म्हणणारा माझा भाऊ एकटाच. आणि बाबांनी काल परत विचारलं की मामा काणेंकडे का नाही, १९१० चं आहे म्हणाले, म्हणजे मी नवीन म्हटल्यावर ते उलट मागे मागेच चाललेत.

पार्लेजी
अजून दोन दिवस दे, पेशव्यांपर्यंत पोचतील.

मधली_सुट्टी
ओ पेद्रोला रविवारी दुपारी जा. बीकेसी रविवारी रिकामं असतं, आवाज कमी, आणि आता मेट्रो ३ आहे. दादरहून शितळादेवी, धारावी, बीकेसी, तिसरं स्टेशन. लिफ्ट आहे, आजीला जिने नाहीत. स्टेशनाबाहेरून रिक्षा कर. टेबल मात्र आठ दिवस आधी सांगून ठेव, आठ जण म्हणजे दोन टेबलं जोडावी लागतात.

फोंड्याहून
शाकाहारी कोण आहे का? नसेल तर जा. असेल तरी जा, उपाशी नाही राहायचे.

खाडीकाठ
डिसेंबर म्हणजे मासे उत्तम. बांगडा मागव. मला कळव.

बोरकूट
मंडळी, जाऊन आलो. रविवारी, दुपारी. मेट्रोने. आजी पहिल्यांदाच जमिनीखालच्या गाडीत बसली आणि दादर ते बीकेसी पूर्ण वेळ तिचा एकच प्रश्न, वर आत्ता काय आहे. धारावीच्या पुढे मिठी नदी आली असेल म्हटल्यावर तिने पदर डोक्यावर घेतला.

खुर्च्यांना पाठ होती (साखरभात, फोन केला होता).

मधली_सुट्टी
जेवण??

बोरकूट
ते मला लिहिता येत नाही. एकदाच गेलेय.

पार्लेजी
अगं!!

गल्ल्यावरचा
ताई नियमाला जागल्या 🙏

खाडीकाठ
हा अन्याय आहे. निदान बांगडा होता का तेवढं सांग.

बोरकूट
काका, चवीबद्दल एक शब्द नाही. फक्त घडलं ते सांगते. पोई तीनदा मागवली. बाबांनी बिल स्वतः बघायला मागितलं, चष्मा लावून वरून खाली वाचलं, सर्व्हिस चार्जची ओळ शोधत होते कारण मी त्यांना हा धागा वाचून दाखवला होता. मुलाने लोण्याची एक वाटी बोटाने साफ केली. आजीने शेवटची पोई रुमालात बांधून पर्समध्ये टाकली, आईने डोळे वटारले तर म्हणाली पैसे दिलेत ना. मॅनेजरने बघितलं, आणि येऊन अजून दोन कागदात गुंडाळून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्या तव्यावर गरम केल्या आणि आदल्या दिवशीच्या उसळीबरोबर वाढल्या. बाबा म्हणाले आता ही प्रकाशमध्ये ठेवायला पाहिजे.

फेब्रुवारीत आजीचा पंच्याऐंशीवा आहे. बुकिंग कुठे करायचं यावर घरात मतदान चालू आहे, चार विरुद्ध चार.

फोंड्याहून
उसळीबरोबर! बरोबर खाल्लीत बघा.

तिखटजाळ
उसळ गोड होती का?